घर पुरे केव्हा होते?



मराठीत 'पुरे' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. काम पुरे झाले म्हणजे ते संपले. आणि पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरून आपण 'पुरे' म्हणतो, तेव्हा एवढे बस झाले, आणखी नको, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या सीमाभागात घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी अशी रीत आहे; त्यामुळे कन्नडात या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत हे आपण जाणताच. संपले याला 'मुगियितु' आणि बस झाले याला 'साकु'. मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटी ठेवले, आणि त्यात मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. ज्याला 'बस' म्हणता येत नाही, त्याचे कोणतेही काम संपत नाही. घराच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. म्हणून या महिन्याच्या चिंतनासाठी एक साधाच प्रश्न घेतला आहे : घर पुरे केव्हा होते?

सुगी पदरात पडली की आपल्याकडे बांधकामांचा हंगाम सुरू होतो, आणि बसवजयंतीपर्यंत मठात गृहप्रवेशाची निमंत्रणे येत राहतात. निमंत्रण देणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलतात. "अप्पाजी, घर अजून पुरे झालेले नाही, पण प्रवेश करून घ्यावा म्हणतो." ते बोलताना त्यांची मान किंचित खाली जाते. गिलावा राहिलेला असतो, फरशी अर्ध्या खोल्यांतच झालेली असते, रंग तर लांबच. ही लाज कशाची आहे, आणि ती योग्य जागी आहे का, हे आज पाहावयाचे आहे.

अक्कामहादेवींचे डोंगरावरच्या घराचे वचन आपल्यापैकी अनेकांच्या मुखी आहे, म्हणून ते येथे देत नाही. त्यातील युक्तिवाद मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. ज्याने डोंगर निवडला त्याने डोंगरावरचे प्राणीही निवडले. मग भीतीची तक्रार करण्याचा अधिकार त्याला उरत नाही. या दृष्टांतावरून अक्का संसारातील स्तुती आणि निंदेकडे वळतात, आणि मन शांत ठेवण्याचा उपदेश करतात. भाष्यकार डोंगरावरच्या घराकडे केवळ रूपक म्हणून पाहतात, आणि ते चुकीचे नाही. परंतु रूपकाला बळ येते ते त्याच्या मुळाशी असलेल्या खऱ्या वस्तूमुळे. खरोखरच्या डोंगरावर खरोखरचे घर बांधणाऱ्या माणसालाही हे वचन लागू पडते, आणि ते त्याच्याकडून काही मागते.

आपल्या मुलुखात असे डोंगर आहेत. बीदरचे तांबडे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच आहे. त्याच्या कडा उतरत उतरत हुमनाबाद आणि चिंचोळीच्या बाजूला जातात. चिंचोळीच्या टेकड्यांतील जंगल २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले; लांडगा आणि तरस यांची तेथे वस्ती आहे. हिमालयाच्या आणि सह्याद्रीच्या मानाने ही टेकाडेच म्हणावी लागतील. पण डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्याला चढ हा चढच असतो. शिवाय या पठाराचा जांभा दगड सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खालच्या काळ्या कठीण दगडापर्यंत जाते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. बीदरची नरसिंह झरणी आपण पाहिली असेल. बहमनी काळात तेथे जमिनीखालून जे पाटपाणी खोदले गेले, ज्याला लोक सुरंग बावी म्हणतात, त्याचेही मूळ याच रचनेत आहे. म्हणजे पाणी पायथ्याला, आणि घर माथ्यावर. माथा निवडणाऱ्याने पाणी वर नेण्याचे कष्टही निवडलेले असतात.

येथे प्रश्न असा उभा राहतो : निवड घरमालकाची, पण कष्ट कोणाचे?

या प्रश्नाला निमित्त झाले ते एक पत्र. त्याच पठाराच्या कडेला राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांच्या अनुमतीने, नाव आणि गाव वगळून, पत्राचा आशय सांगतो. वडिलोपार्जित बरड माळावर, टेकडीच्या अंगावर, त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घर बांधावयास घेतले. भिंती जांभ्याच्या, वर स्लॅब. जागा सुंदर, वारा मोकळा. इष्टलिंगपूजेला एकांत मिळावा ही त्यांची इच्छा. स्लॅब पडेपर्यंत सारे ठीक चालले. मग पैसा आटत गेला. वाळू, खडी, पाणी, फरशी यांतील प्रत्येक वस्तू पायथ्यापासून वर नेण्यास निराळी मजुरी पडली, आणि तिचा अंदाज कोणी धरलेला नव्हता. आता हाती एवढीच रक्कम आहे की दोहोंपैकी एक गोष्ट होईल. एक तर फरशी, गिलावा आणि रंग पुरे करून आप्तेष्टांना बोलवावे, जंगमांची पाद्यपूजा करावी, पाचशे पाने वाढावीत. नाही तर गवंड्याची आणि ओझी वाहणाऱ्या बायकांची राहिलेली मजुरी चुकती करावी. गवंडी त्यांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणतो, "गुरुजी, आधी घर पुरे करा. तुमच्याकडचे पैसे कोठे जातात?" मग अडचण काय, असे गुरुजींना वाटते. तरीही मन स्वस्थ होत नाही, म्हणून त्यांनी विचारले.

शरणबंधूंनो, या पत्राचे आम्हांस फार अप्रूप वाटले. मन स्वस्थ होत नाही, हीच विवेकाची पहिली खूण आहे. पण केवळ अस्वस्थता पुरेशी नसते. तिचे कारण शोधले पाहिजे.

पहिली गोष्ट गवंड्याच्या संमतीची. मौन हे संमतीचे लक्षण असे आपण म्हणतो, आणि येथे तर तोंडाने संमती दिलेली आहे. मग देणे लांबणीवर टाकण्यात दोष कोणता? दोष असा की जो 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्या 'हो' ला पूर्ण किंमत नसते. हा गवंडी गुरुजींच्या हातून अक्षरे शिकला आहे. गावात पुढचे काम मिळावयाचे असेल तर चार माणसांत गुरुजींचा शब्द त्याला हवा आहे. तो उदार असेलही. पण त्याच्या औदार्यात आदर किती, नाइलाज किती, हे त्याला स्वतःलाही वेगळे करता येणार नाही. ज्या माणसाशी आपला व्यवहार बरोबरीचा नाही, त्याची संमती आपल्या सोयीची निघाली तर तिच्याकडे दुप्पट संशयाने पाहावे, अशी आमची समजूत आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. गवंड्याने संमती दिली. ओझी वाहणाऱ्या बायकांची कोणी घेतली? त्यांचा हिशेब गवंड्याकडे, गवंड्याचा गुरुजींकडे. वरून एक थेंब अडला की खाली सारी ओळ कोरडी राहते. त्या बायका गुरुजींना ओळखतही नसतील. त्यांच्या घरी किराणा उधारीवर आला असेल, कोणी उचल घेऊन ऊसतोडीला गेले असेल. गवंड्याने मोठ्या मनाने जे देऊन टाकले, त्यातील काही भाग त्याचा नव्हताच.

घराच्या कामाचा क्रम पाहिला तर यात एक विचित्र अन्याय आढळतो. पाया खोदणाऱ्याला नारळ मिळतो, टॉवेल-टोपी मिळते, पेढा मिळतो, आणि मजुरीही त्याच आठवड्यात मिळते. कारण तेव्हा मालकाची पिशवी भरलेली असते. स्लॅब टाकणाऱ्यांना तर त्याच दिवशी जेवण घालतात. पण गिलावा करणारा, फरशी बसविणारा, दारे लावणारा सुतार आणि रंगारी हे सर्व येतात तेव्हा पिशवीचा तळ दिसू लागलेला असतो. त्यांच्या कामाने घर शोभते, आणि त्यांनाच 'पुढच्या महिन्यात या' हे ऐकावे लागते. घराची तूट अशा रीतीने शेवटच्या हातांवर पडते. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु टेकडीवरच्या एका घराच्या गिलाव्यापर्यंत कायद्याचे पाऊल क्वचितच पोचते. तेथे मालकाचे मन हाच कायदा.

येथे मोळिगे मारय्यांची आठवण करावी. परंपरा सांगते की ते काश्मीरचे राजे. पर्वतांच्या कुशीतील राजवाडा त्यांना होता, आणि तो पुरा झालेला होता; त्यात कशाचीही वाण नव्हती. तो सोडून ते पत्नीसह कल्याणात आले आणि डोक्यावर सरपणाची मोळी वाहून विकू लागले. त्यांचे नावच त्या ओझ्यावरून पडले. ज्याने उंचावरच्या घरात राहून पाहिले होते, त्याने ओझे वाहणाऱ्याच्या बाजूने जग पाहण्याचे ठरविले. पुढची कथा आपण जाणता. बसवण्णा गुप्तपणे त्यांच्या झोपडीत गेले, अंबील प्याले आणि जाताना सोन्याच्या मोहरा ठेवून आले. मारय्यांनी ते द्रव्य आपले मानले नाही. ओझ्याची किंमत ओझे वाहणाऱ्याला ठाऊक असते. तिच्याहून कमी घेणे त्याला परवडत नाही, आणि जास्त घेणे त्याला रुचत नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. काही भक्त म्हणतील : अप्पाजी, कायक अर्धवट सोडू नये असे आपणच सांगता. काम हाती घेतले की ते नेटके पुरे करावे. ओबडधोबड भिंतींत राहणे ही काही साधना नव्हे. मग फरशी आणि रंगाला आपण चैन का म्हणता?

आम्ही तसे म्हणत नाही. गिलाव्याचा ओळंबा चुकला तर तो गवंड्याच्या कायकातील दोषच आहे. संस्कृतात 'समाप्ति' या शब्दात आप् म्हणजे मिळविणे, पोचणे हा धातू आहे. समाप्ती म्हणजे नीट पोचणे. कंटाळून थांबणे नव्हे. म्हणून शेवटच्या हाताला शरण कमी लेखीत नाहीत. प्रश्न एवढाच की नीट पोचावयाचे कोठे?

याचे उत्तर सोलापूरच्या सिद्धरामांच्या चरित्रात आहे. सोन्नलिगीत त्यांनी मोठे तळे खोदविले, देवालये उभारली. शेकडो हात कामाला लागलेले. शून्यसंपादनेत कथा येते की अल्लमप्रभू त्या कामावर आले आणि त्यांनी सिद्धरामांना 'ओड्ड' म्हणजे दगडमाती फोडणारा अशा शब्दाने हाक मारली. आपल्या गुरूचा अपमान झाला असे वाटून कामकऱ्यांनी प्रभूंवर दगड फेकले, पण एकही दगड त्यांना लागला नाही. मग दोघांचा संवाद झाला, आणि पुढे सिद्धराम कल्याणला येऊन चेन्नबसवण्णांकडून लिंगदीक्षा घेते झाले. या कथेचा अर्थ अल्लमप्रभूंना तळे नको होते असा कोणी करू नये. ते तळे आजही सोलापुरात आहे, मध्यभागी सिद्धेश्वराचे मंदिर आहे, आणि संक्रांतीच्या यात्रेला लाखो भक्त तेथे जमतात. प्रभूंचे बोट होते ते तळ्यामागे उभ्या असलेल्या 'मी केले' या भावावर. पाणी गावाचे झाले होते. काम मात्र अजून सिद्धरामांचे होते. ज्या दिवशी ते त्यांचे राहिले नाही, त्या दिवशी ते पुरे झाले.

हा निकष आपल्या घराला लावून पाहा. पाया खोदताना 'मी' फारसा नसतो. तेथे चिखल असतो, काळजी असते. भिंती चढताना तो थोडा वाढतो. फरशी चकाकू लागली, दर्शनी भिंतीला रंग लागला, दारावर नाव कोरले गेले की तो पूर्ण वाढीला लागतो. कारण पाया कोणी पाहत नाही, रंग सारे पाहतात. आणि लोक पाहणार म्हणून जे केले जाते, त्याला अंत नसतो. शेजाऱ्याने कडाप्पा लावला, आपण ग्रॅनाइट लावावे. मेहुण्याने ग्रॅनाइट लावला, आपण संगमरवर आणावा. येथे 'पुरे' शब्द उच्चारता येत नाही, म्हणून घर संपत नाही. अक्कांच्या वचनातील स्तुतिनिंदेची गोष्ट येथे रूपक न राहता हिशेबाच्या वहीत येऊन बसते. लोक हसतील म्हणून गुरुजी रंग काढणार, आणि त्या रंगाचा पैसा जाणार मजुरी थकलेल्या बायकांच्या घरातून.

शेवटच्या कामाचा आणखी एक धोका आहे. ते झाकू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला. हादरे आपल्या बीदर-कलबुर्गीपर्यंत जाणवले. हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. ती घरे दुर्बळ दिसत नव्हती. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती होत्या. पण दगड चिखलात रचलेले, आणि आतल्या थराला बाहेरच्या थराशी बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. वर माळवद. पावसाळ्यात ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचा नवा थर पसरला जाई. प्रत्येक थर घराच्या काळजीपोटीच घातलेला होता; पण त्याचे वजन छपराखाली झोपणाऱ्यांच्या डोक्यावर वाढत होते. वरून नीटनेटके दिसणारे घर आतून सांधलेले असेलच असे नाही, हे त्या पहाटेने आपणांस शिकविले. खरी डागडुजी आणि वरवरचा लेप यांतील फरक तेथे प्राणांच्या मोलाने कळला.

शेवटचे काम झाकण्याऐवजी उघड करणारेही असू शकते. त्याचा नमुना आपल्याच बीदरमध्ये आहे. बिदरी कामाची वस्तू जस्त आणि तांब्याच्या मिश्रणातून ओततात, घासतात, तिच्यावर नक्षी कोरतात, कोरीव रेघांत चांदीची तार ठोकून बसवितात. तोपर्यंत चांदी आणि जस्त यांचा रंग इतका जवळचा असतो की नक्षी धड उठत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप गरम वस्तूवर चोळतात. त्या मातीने जस्ताचा भाग काळाभोर होतो आणि चांदीला काहीच होत नाही. जे आत होते तेच आता दिसू लागते. ज्या कारागिराने चांदीत लबाडी केली असेल, त्याची लबाडीही तेव्हाच उघडी पडते. शेवटचा हात असा असावा.

आणि नुसत्या शोभेचे आयुष्य किती असते, हेही बीदरच सांगते. महमूद गवान यांनी १४७२ साली बांधलेला मदरसा आपण पाहिला असेल. त्याचा दर्शनी भाग निळ्या-हिरव्या चकचकीत फरशांनी मढविलेला होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे दारूचा स्फोट झाला, पुढे ऊन-पाऊस लागला. आज त्या फरशांपैकी पुष्कळ गळून गेल्या आहेत. उरलेल्या भिंती मात्र साडेपाचशे वर्षांनंतरही उभ्या आहेत. ज्याच्यावर नजर आधी जाते, ते आधी झडते. म्हणून शोभा करू नये असे आम्ही म्हणत नाही. तिच्यासाठी कोणाचे देणे बुडवावे एवढी तिची योग्यता नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

आता पाचशे पानांची गोष्ट. गुरुजींच्या मनात दासोहाची इच्छा आहे, आणि ती उत्तम आहे. पण शरणांनी कायक आणि दासोह यांना एका सूत्रात गुंफले आहे. दासोह हा कायकातून निपजतो. तो दुसऱ्याच्या कायकातून काढून घ्यावयाचा नसतो. आयदक्की मारय्या बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त घेऊन आले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून येण्यास सांगितले. तांदूळ चोरीचे नव्हते, वेचलेलेच होते. तरीही जे आपल्या गरजेचे नाही ते घरात शिरता कामा नये, असा त्या माउलीचा निवाडा होता. सांडलेल्या तांदळाबद्दल जिचा विवेक एवढा कडक, तिने मजुरी थकवून घातलेल्या जेवणाला काय म्हटले असते, याचा विचार करावा. ते जेवण म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलून पाहुण्यांना वाढणे होय. जंगमांना त्या पंगतीचे पान गोड लागणार नाही, आणि लागू नये.

म्हणून गुरुजींना आम्ही जे उत्तर पाठविले, ते सर्वांसाठी येथे देतो.

आधी मजुरी. गवंड्याच्या हाती रक्कम देताना ओझी वाहणाऱ्या बायकांनाही बोलवावे, आणि प्रत्येकीचा हिशेब तिच्यासमोर चुकता व्हावा. गवंडी संकोचाने नको म्हणाला तरी द्यावी. मग त्याला स्वतःच्या इच्छेने काही सोडावयाचे असेल तर पैसे खिशात पडल्यानंतर तो सोडू शकेल. तेव्हाच त्याचे औदार्य मोकळे असेल.

त्यानंतर जे न केल्याने राहणाऱ्याला इजा होईल, ते करावे. स्लॅबला कठडा, जिन्याला आधार, विजेच्या तारांची नीट जोडणी, शौचकूप आणि दारांच्या कड्या यांत टाळाटाळ नको. माथ्यावर पाणी टिकत नाही, हे आपण पाहिले. तेव्हा छपरावरचे पावसाचे पाणी साठविण्यासाठी एक हौद बांधावा. रंगापेक्षा तो डोंगराला अधिक शोभेल, आणि पायथ्याहून हंडे वाहून आणणाऱ्या डोक्यांचा भारही हलका करील.

मग उरलेले काम सवडीने. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा नसला तरी बिघडत नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. सांध्यांच्या दर्जा नीट भरल्या म्हणजे तो ऊन-पाऊस सोसतो. बीदरच्या किल्ल्याचा खंदक याच दगडात खोदलेला आहे, त्याला कोणी रंग दिलेला नाही. आत फरशी घालावयाची तर शहाबादची साधी, घोटाई न केलेली चालेल. ती आपल्याच कलबुर्गी जिल्ह्याच्या भूमीतून निघते, थराथराने सुटते, आणि अनवाणी पायाला उन्हाळ्यात गार लागते. आधी स्वयंपाकघर आणि पूजेची खोली करावी, पुढच्या सुगीनंतर ओसरी. घर काही वर्षे अपुरे दिसेल. दिसू द्यावे. लोक हसतील, डोंगरावर घर बांधताना वाऱ्याची तयारी ठेवली होती, तशी याचीही ठेवावी.

गृहप्रवेशाबद्दल म्हणाल तर, 'वास्तु' हा शब्द 'वस्' म्हणजे राहणे या धातूवरून आला आहे. ज्यात राहता येते ती वास्तू. प्रवेशाला रंगाची अट शरणांच्या आचारात कोठेही नाही. पाचशे पानांऐवजी ज्यांनी ते घर उभे केले त्यांचीच पंगत पहिल्या दिवशी बसवावी. घमेले वाहणाऱ्या बाया त्या उंबरठ्यातून ओझ्याशिवाय आत येतील, फरशी नसलेल्या जमिनीवर सतरंजी टाकून बसतील, आणि गुरुजी स्वतः वाढतील. अशा गृहप्रवेशाला बोलावणे आले तर टेकडी चढून येण्यास आम्हांस आनंद वाटेल.

येथून पुढे मठातर्फे गृहप्रवेशाला जाण्यापूर्वी यजमानांना एक प्रश्न विचारावा असे आम्ही ठरविले आहे. घर पुरे झाले का, हे विचारणार नाही. कोणाचे देणे राहिले आहे का, एवढेच विचारू. कोणी याचा राग मानू नये. ज्याला उत्तर देताना मान खाली घालावी लागणार नाही, त्याच्या भिंती उघड्या असल्या तरी त्याने ताठ मानेने पाहुण्यांना आत घ्यावे.

लिंगवंत गृहस्थाचे घर साधे असो वा मोठे, सपाटीवर असो वा माथ्यावर, त्यात कोणाचा निःश्वास अडकून राहू नये. आपणां सर्वांच्या हातून घडणारी कामे नेटकी होवोत, आणि योग्य वेळी 'पुरे' म्हणण्याचे बळ आपणांस लाभो, हाच आमचा आशीर्वाद.

शरणु शरणार्थी.